केरबानं तुकडा राखला

बोरखोल गावात केरबा नावाचा एक भोळा राखणदार होता. भोळा म्हणजे मूर्ख. त्याची बायको समोर असली की लोक भोळा म्हणत, एवढाच फरक.

केरबाचं काम एकच. जोंधळ्याच्या रानात उंच माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि पाखरं हाकलायची. अंगानं तो रेड्यासारखा होता. हात लांब, आवाज खणखणीत. देवानं सगळं सामान दिलं होतं, फक्त ते चालवणारा आत ठेवायचा राहिला होता. एकदा रानाचा मालक त्याला म्हणाला, "मी येईपर्यंत माळ्यावरनं उतरू नकोस." मालक बाजाराला गेला, तो तिकडूनच परस्पर लेकाकडं मुंबईला गेला. केरबाला खाली उतरवायला शेवटी त्याचा सासरा आणावा लागला.

तर अशा माणसावर एकदा सगळ्या गावाचा मान येऊन पडला. तो कसा, ते सांगतो.

बोरखोलच्या वर खिंड आहे. खिंडीत खिंडाईचं देऊळ. खिंडीच्या अलीकडं बोरखोल, पलीकडं माळेवाडी. जत्रेला दोन्ही गावांच्या काठ्या देवीला जातात. काठी म्हणजे उंचच उंच कळक, म्हणजे बांबू. त्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, शेंड्याला मोरपिसांचा तुरा. बुडखा एकानं कमरेच्या पट्ट्यात धरायचा आणि चौघांनी चार बाजूंनी दोर धरून काठीचा तोल राखायचा. हलगीवर नाचवत ती देवळात न्यायची. ज्या गावाची काठी पुढं, त्या गावाचा वर्षभर मान. आणि नियम एकच. वाटेत काठी जमिनीला टेकली की मान गेला. मग मागची काठी पुढं.

पुढं कुणी जायचं, हे आधी कुस्तीवर ठरत असे. पण पाठ टेकली की नाही टेकली यावरून दरसाल डोकी फुटायची. शेवटी पोलिसांनी कुस्ती बंद केली. मग दोन्ही गावची शहाणी माणसं एकत्र बसली. त्यांनी ठरवलं, दोन्ही गावांत कुणालाच येत नाही असा एखादा खेळ शोधायचा. ज्यातलं काही कळत नाही, त्यावरून भांडणार कसं? शहाण्या माणसांचं हे असं असतं.

तिसऱ्याच एका गावचा एक जावई अमेरिकेत होता. त्यानं तिथला फुटबॉल आणून दिला. नाव फुटबॉल, पण पायाचं काम थोडं. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. एका बाजूचा गडी मागं उभा राहून तो हातानं फेकतो. त्याचे साथीदार पुढं पळत जाऊन झेलतात. झेललेला चेंडू घेऊन शेवटच्या रेघेपलीकडं गेलं की काम फत्ते. दुसऱ्या बाजूनं तो झेलू द्यायचा नाही. जमिनीवर पडला तर ती फेक वाया. जावयानं दोन्ही गावांना चार गोष्टी शिकवल्या, एकेक चेंडू दिला आणि जत्रेत शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहायचं कबूल केलं.

पहिल्या वर्षी बोरखोल हरलं.

बोरखोलचा शिकवणारा होता हिंदुराव वस्ताद. जुना पैलवान. मान जाड, शब्द कमी. कुस्तीत एकानं एकाला धरायचं असतं, म्हणून या खेळातही त्यानं आपल्या प्रत्येक गड्याला समोरचा एकेक माणूस वाटून दिला होता. माळेवाडीचे गडी रोज डोंगर चढणारे. ते असे सुटले की बोरखोलकरांना त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. काठी मागं गेली. वस्तादानं पुढच्या काठीचा धुरळा खाल्ला आणि घरी येऊन डोक्यावरचा फेटा खुंटीला टांगला.

"काठी पुढं न्हेईन तवाच फेटा बांधीन," तो म्हणाला.

तेव्हापासून म्हातारा उघड्या डोक्यानं हिंडत होता. ज्या माणसाला गावानं कधी बोडका पाहिला नव्हता, त्याचं टक्कल आता रोज दिसू लागलं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वस्ताद ऐकू न आल्यासारखं करायचा.

या खेपेला त्यानं दुसरी तऱ्हा काढली. ती जावयानंच सांगितली होती, पण वस्तादानं ती आपलीच म्हणून चालवली. माणसं धरायचीच नाहीत. मैदानाचे तुकडे पाडायचे. एकेका गड्यानं एकेक तुकडा राखायचा. आपल्या तुकड्यात जो येईल तो आपला, तुकड्यातून गेला की शेजाऱ्याचा. पळायचं कमी, उभं राहायचं जास्त.

"तुकडा राखायचा म्हंजी राखणच की," वस्ताद म्हणाला. "मग राखणदारच घ्या."

पळणारी पोरं शहरात कामाला गेलेली. माणसं कमीच पडत होती. केरबाला माळ्यावरून उतरवला आणि मैदानाच्या टोकाला बाभळीखालचा तुकडा त्याला दिला.

"केरबा, हा तुझा तुकडा."

"बरं, वस्ताद."

"नुसत्या माणसाकडं बघत बसायचं न्हाई. तुकडा राखायचा. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल, वस्ताद."

सर्जेराव नावाचा एक चपळ गडी सरावाला माळेवाडीचा म्हणून पळायचा. त्या दिवशी तो पळत बाभळीखाली आला, केरबाच्या शेजारी उभा राहिला, दोन्ही हात पसरून त्यानं चेंडू झेलला, आणि चालत चालत रेघ ओलांडली. केरबानं मान वर केली नाही. तो खाली जमिनीकडं बघत होता.

वस्ताद धावत आला. "अरं, काय केलंस?"

"राखला."

"काय राखला?"

"तुकडा." केरबानं पायानं जमीन दाबून दाखवली. "हाय तिथंच हाय, वस्ताद. कुणी न्हेला न्हाई."

वस्तादानं डोळे मिटून घेतले. मग उघडले. केरबा तिथंच होता.

"अरं गाढवा, मोकळी जमीन राखून काय करतोस? तुकड्यात माणूस आला की त्यो तुझा. त्याला चिकटून ऱ्हायचं. त्यो महिपतीच्या तुकड्यात गेला की महिपतीच्या हवाली करायचा. कळलं?"

"कळलं, वस्ताद. हवाली करायचा."

महिपती म्हणजे केरबाचा शेजारी. रानातही त्याचं शेत केरबाच्या राखणीला लागून, आणि मैदानातही त्याचा तुकडा बाभळीच्या तुकड्याला लागून.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव पुन्हा आला. केरबा त्याला चिकटला. इतका, की सर्जेरावला दम घेता येईना. सर्जेराव वळून महिपतीच्या तुकड्याकडं निघाला. केरबानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला चालवत महिपतीसमोर नेऊन उभा केला.

"घे रं, महिपती."

"काय घेऊ?"

"सर्जेराव. आता तुझा."

"माझ्याकडं आधीच एक हाय, त्यो बघ पळतोय!"

"मग ह्याला कुठं ठेवू?"

"ठेव तुझ्या डोंबलावर! सोड त्याला!"

"आसा कसा सोडू? मिळाला म्हण आधी."

"मिळाला रं बाबा, मिळाला!"

"धड हाय का बघून घे. मागनं तक्रार नगं."

तेवढ्यात महिपतीच्या तुकड्यातला दुसरा गडी चेंडू झेलून रेघेपलीकडं जाऊन बसला होता. तिथं त्यानं तंबाखूही मळायला घेतली होती.

वस्ताद आला. त्याचं टक्कल लाल झालं होतं. "अरं, हात धरून हवाली करतोस? ही काय पोरगी सासरी धाडायचीय? नुसती हाळी द्यायची. 'तुझ्याकडं आला!' म्हणायचं. बास. तिथं तुझं काम संपलं."

"हाळी द्यायची. काम संपलं. बरं, वस्ताद."

आणि हे मात्र केरबानं अगदी पक्कं ध्यानात ठेवलं. मूर्खाची आठवण दांडगी असते. तिथंच सगळी अडचण आहे.

दुपारी तो माळ्यावर पाखरं हाकत होता. वस्तादाची म्हैस दावं तोडून आली आणि जोंधळ्यात शिरली. केरबा खाली उतरला, म्हशीला चिकटला, तिला रेटत बांधापर्यंत नेलं. म्हैस बांध ओलांडून महिपतीच्या रानात गेली. महिपती घरी जेवायला गेला होता. रानात चिटपाखरू नव्हतं.

केरबानं तोंडाला हात लावून हाळी दिली. "महिपतीऽऽ, तुझ्याकडं आलीऽऽ!"

मग तो माळ्यावर जाऊन बसला. काम संपलं होतं.

म्हशीनं निवांत जेवण केलं. जोंधळा खाल्ला, उरलेल्यात लोळली, आणि महिपतीनं बांधावर लावलेली वांगीही तुडवली. केरबा वरून बघत होता. महिपती आला तेव्हा केरबानं त्याला वरूनच सांगितलं, "मी हाळी दिली व्हती."

महिपतीनं म्हैस कोंडवाड्यात घातली आणि वस्तादाच्या दारात येऊन, उभ्या आळीला ऐकू जाईल असं, वस्तादाचं सगळं खानदान काढलं. जाताना म्हणाला, "मी उद्या खेळाय येत न्हाई. राखू दे तुमच्या केरबालाच सगळं."

म्हैस सुटेपर्यंत वस्तादाला कोरा चहा प्यावा लागला. कोरा चहा पीत त्यानं केरबाला बोलावलं.

"अरं मूर्खा, शेजारी जाग्यावर नसंल तर नुसती हाळी देऊन काय उपेग? मग आपणच मागं जायचं! पाठ सोडायची न्हाई! घरापतूर जायचं!"

"घरापतूर. बरं, वस्ताद."

दुसऱ्या दिवशी महिपती खरोखरच सरावाला आला नाही. सर्जेराव पळत बाभळीखालून महिपतीच्या तुकड्यात गेला. केरबानं पाहिलं. शेजारी जाग्यावर नव्हता. मग तो सर्जेरावच्या मागं निघाला.

वस्तादानं शिट्टी वाजवली. सराव संपला. सगळे घरी गेले. सर्जेरावही गेला, आणि केरबा त्याच्या मागोमाग.

"आता काय रं?" सर्जेराव म्हणाला.

"काय न्हाई. चल तू."

सर्जेरावनं आंघोळ केली. केरबा न्हाणीच्या दाराशी उभा. सर्जेरावची बायको रुसून माहेरी गेली होती. तिला आणायला तो इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं सासुरवाडीला निघाला. केरबा शेजारच्या सीटवर. सासुरवाडीत दोघांना पाट मांडले. केरबा सर्जेरावकडं तोंड करून जेवला. सर्जेराव बायकोशी दोन शब्द बोलायला माजघरात गेला, तर केरबाही आत.

"ह्यो कोण आणि?" बायको म्हणाली.

"गावचा हाय. बोल तू."

"ह्याच्यादेखत?"

"त्यो जात न्हाई."

"साक्षीदार घेऊन आलायसा व्हय? माझ्यावर केस करताय?" ती ओरडली, आणि सासऱ्यानं दोघांनाही दाराबाहेर काढलं. सर्जेराव एकटाच परत आला. एकटा म्हणजे केरबासकट.

त्यानं सरळ वस्तादाचं घर गाठलं. "वस्ताद, ह्याला मागं घ्या, न्हाईतर मी माळेवाडीकडनं खेळतो."

वस्तादानं कपाळ बडवून घेतलं. "अरं, शिट्टी वाजली की सोडायचं असतं! हातात काय बी असू दे, कोण बी असू दे. शिट्टी ऐकली की सोड! एवढं तरी ध्यानात ठेव!"

"शिट्टी ऐकली की सोड. बरं, वस्ताद."

जत्रेच्या आदल्या दिवशी वस्तादाच्या परसातल्या आडात घागर पडली. वस्ताद कुणाला उतरवायचा नाही, स्वतःच उतरायचा. त्या गोष्टीचाही त्याला अभिमान होता. त्यानं कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक केरबाच्या हातात दिलं. गावात तेवढ्या ताकदीचा दुसरा माणूस नव्हता, आणि ताकदीपलीकडं बघायची वस्तादाला सवय नव्हती.

केरबानं त्याला हळूहळू आत सोडलं. वस्ताद निम्म्यावर पोचला. आत स्वयंपाकघरात वस्तादाच्या बायकोनं, गोदाकाकीनं, कुकर लावला होता.

कुकरची शिट्टी झाली.

केरबानं दोर सोडला.

आडातून मोठा आवाज आला. मग वस्तादाचा आवाज आला, "केरबाऽऽ!"

केरबानं आत डोकावून पाहिलं. "शिट्टी झाली, वस्ताद."

"तुझ्या आयला तुझ्या..."

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"आणखी एक झाली," केरबा म्हणाला. "आता काय सोडू?"

शेजाऱ्यांनी वस्तादाला वर काढलं. तो काठावर बसून पाणी गाळत होता आणि केरबाकडं बघत होता. त्याला काढून टाकावा, तर बाभळीखाली उभं करायला दुसरा माणूस नाही. ठेवावा, तर हा असा. उद्या काठी मागं गेली, तर फेटा खुंटीवरच राहणार. म्हाताऱ्याचं वय बघता, बहुधा कायमचा.

ओली मिशी पुसून तो सावकाश बोलला. "केरबा, आजवर मी जे जे सांगितलं ते सगळं इसर."

"इसरलो, वस्ताद."

"उद्या फकस्त एवढंच कर. तुकड्यात उभा ऱ्हा. कोण बी वरडू दे, कोण बी पळू दे, तू हलायचं न्हाई. आणि तुझ्या तुकड्यात वरनं जे खाली येईल, ते हाणून भुईला पाड. इचार करू नकोस. तुला त्यो जमत न्हाई. नुसतं पाड."

"हलायचं न्हाई. वरनं येईल ते पाडायचं. बरं, वस्ताद."

जत्रा आली. दोन्ही गावं मैदानाभोवती दाटली. महिपतीची समजूत काढून त्यालाही आणला होता. खेळ सुरू झाला. तुकड्यांची तऱ्हा चालली. माळेवाडीचे गडी पळून पळून जिथं जात, तिथं बोरखोलचा एकजण आधीच उभा असे. बोरखोल एका खेपेनं पुढं गेलं. माळेवाडीची शेवटची एक फेक उरली. ती साधली तर बरोबरी, आणि बरोबरीत मान गेल्या साली जिंकलेल्याचा, म्हणजे काठी त्यांची; हुकली तर बोरखोलची.

माळेवाडीचा म्होरक्या दादू शिंत्रे. तोंडानं गोड, डोक्यानं लबाड. त्यानं आपले जवळजवळ सगळे गडी एका बाजूला पळवले. पळताना ते आरडाओरडा करत होते, हात वर करत होते, जणू चेंडू तिकडंच येणार. फक्त एकजण बाभळीच्या बाजूनं गुपचूप निघाला होता.

तिकडची बोंबाबोंब ऐकून बोरखोलच्या गड्यांना दम निघाला नाही. एकानं तुकडा सोडला, मग दुसऱ्यानं, मग महिपतीनं. सगळे तिकडं धावले. राखायचा तुकडा ओस टाकून आवाजाच्या मागं पळायचं, हा माणसाचा जुना रोग. शहाण्यांना तो जरा जास्तच असतो. रेघेबाहेर उभा असलेला वस्तादही ओरडला, "केरबाऽऽ! तिकडं पळ! पळ लेका!"

केरबा हलला नाही. कोण बी वरडू दे, असं सांगितलेलं होतं.

दादूनं चेंडू उंच फेकला. बाभळीकडं. माळेवाडीचा तो एकटा गडी हात पसरून खाली उभा. चेंडू वरून आला. केरबानं आपला लांब हात उचलला आणि गोफणीला झटका द्यावा तसा हाणला. चेंडू धुळीत पडला.

जावयानं शिट्टी वाजवली. बोरखोल जिंकलं.

गावानं केरबाला खांद्यावर घेतलं. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण उंचावर बसायची त्याला सवय होती. वस्ताद आला. ज्याला आदल्या दिवशी आडात बुडवावंसं वाटत होतं, त्याला त्यानं छातीशी धरलं.

"केरबा, मी सांगत व्हतो पळ म्हणून. माझं ऐकलं असतंस तर मान गेला असता. लेका, आजपासनं मी सुदिक वरडलो तरी ऐकायचं न्हाई. असाच ऱ्हा. आज केलंस तसंच करत जा."

"बरं, वस्ताद. तुमी वरडलात तरी न्हाई."

गोदाकाकीनं फेटा आणला. वस्तादानं तो गावासमोर बांधला, शेमला मागं सोडला, मिशीवरून हात फिरवला. कमरेला पट्टा आवळून काठीचा बुडखा घेतला. आणि समोरचा दोर त्यानं केरबाच्या हातात दिला.

केरबाची बायको शेवंता गर्दीतून पुढं आली. "वस्तादमामा, ह्यांच्या हातात दोर देऊ नगा."

"का गं?"

"मी नांदलीया ह्यांच्याबरं."

"शेवंता, तुला नवऱ्याची किंमत न्हाई," वस्ताद म्हणाला. "केरबा, ही समोरची बाजू तुझी. तुकडाच समज. राख."

"राखतो, वस्ताद."

शेवंतानं पदर खोचला आणि ती निघून गेली. जत्रेत थांबलीसुद्धा नाही.

हलगी वाजू लागली. काठी उठली. पुढं बोरखोलची, मागं माळेवाडीची. वस्ताद नाचत नाचत चढ चढत होता. मोरपिसांचा तुरा आभाळात डुलत होता. गुलाल उधळत होता. देवळाची कमान आली. पायऱ्या आल्या. अजून थोडंच अंतर, आणि वर्षभराचा मान.

खिंडीतून वारा सुटला. काठी कलली. ती केरबाच्या बाजूला कलली. अशा वेळी त्या बाजूच्या माणसानं दोर ढिला सोडायचा आणि समोरच्यानं, म्हणजे महिपतीनं, ताणून धरायचं. पोरंसोरं जाणतात.

केरबानं वर पाहिलं. त्याच्या तुकड्यात वरून काहीतरी खाली येत होतं.

"ढील दे!" वस्ताद ओरडला. "केरबा, दोर सोड! सोड लेकाऽऽ!"

केरबानं ऐकलं नाही. वस्ताद वरडला तरी ऐकायचं नव्हतं. त्यानं पाय रोवले, दोर हाताला गुंडाळला आणि रेड्याच्या ताकदीनं ओढला. महिपतीचा दोर तळहात सोलून निसटला. बाकीचे दोघे दोरासकट पायऱ्यांवर लोळले. बुडखा पट्ट्यातून निसटून वर उसळला आणि जाता जाता वस्तादाच्या डोक्यावरचा फेटाही घेऊन गेला. काठी देवीच्या दारात आडवी झाली. मोरपिसांचा तुरा धुळीत गेला.

हलगी थांबली. गुलाल उधळणाऱ्यांचे हात वरच राहिले.

मागून दादू शिंत्रे माळेवाडीची काठी घेऊन आला. त्यानं आडव्या काठीकडं पाहिलं, मग वस्तादाच्या टकलाकडं पाहिलं, आणि फार गोड आवाजात म्हणाला, "जरा बाजूला व्हता का, पाव्हणं? देवी खोळंबलीया."

वस्ताद बाजूला झाला.

वर उडालेला फेटा वाऱ्यावर उलगडत, गिरक्या घेत खाली येत होता. वस्तादाचे दोन्ही हात तो धरायला नकळत पुढं झाले. पण फेटा केरबाच्या बाजूला आला. केरबानं हात उचलला आणि तो माळेवाडीकरांच्या पायांत हाणून पाडला.

मग तो घाम पुसत वस्तादासमोर येऊन उभा राहिला. शाबासकीसाठी त्यानं पाठ जराशी पुढं केली.

"दोन्ही पाडलं, वस्ताद," तो म्हणाला. "हवेत काय बी ठेवलं न्हाई."